नात्याचा रकाना

“तू आण तिला, शरणू. दुसऱ्या कुणाला सांगत न्हाय मी. एकदा माझ्या हाताला लाव, मंग मी मोकळी.”

कमरबीने आपल्या लेकीबद्दल हे सांगितले ते दिवाळीच्या आधी, बाजेवर पडल्या पडल्या, भिंतीकडे तोंड करून. भिंत काय आणि दार काय, तिला दोन्ही सारखेच. डोळे जाऊन तीन वर्षे झाली होती. शरणम्मा पायथ्याशी बसून तिच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. ती म्हणाली, “आणते, बीअम्मा.” एवढेच. पण शरणम्मा एवढेच म्हणाली की ते झाले असे समजायचे, हे भवानी पेठेत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होते.

बाई कमी बोलणारी. तिचा आवाज शेजारच्या घरात कधी गेला नाही. रोज सकाळी तांब्या आणि बेलाची पाने घेऊन ती अनवाणी सिद्धेश्वराच्या देवळात जाई, आणि पाणी घालून झाले की तिथेच उभ्या उभ्या आदल्या दिवसाचा झाडा देई. काल कुठे खोटे बोलले का? बोललेले असले तर ते देवाला सांगायचे आणि तो दिवस अळणी खायचे. बावीस वर्षांत हा नेम एक दिवस चुकला नव्हता. एकदा बोहारणीला जुने लुगडे नाही म्हणून सांगितले आणि संध्याकाळी पेटीत दोन निघाली. दुसऱ्या दिवशी तिने बिनमिठाची भाकरी नुसत्या दुधात कुस्करून खाल्ली. तिचे यजमान चनमल्लप्पा सुताचे व्यापारी, थट्टेखोर माणूस. तिच्या ताटात चटणी दिसली नाही की विचारत, “काल कुणाला फसवलंस गं?”

अशा बाईला सरकारी कागदाने खोटे ठरवले.

शरणम्मा लिंगायताघरची, कमरबी मुसलमान विणकराघरची, आणि दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. शरणम्मा जन्मली त्याच्या पाचव्या दिवशी तिची आई बसम्मा बाळंतरोगाने गेली. आजी नागव्वाने दोन दिवस कापसाचा बोळा गाईच्या दुधात बुडवून पोरीला चोखवून पाहिला. पोर पिईना, निळी पडायला लागली. तेव्हा नागव्वाने भिंतीवरून हाक मारली. पलीकडे कमरबीच्या मांडीवर चाळीस दिवसांची अजीजा होती. कमरबी आली, तिने काही विचारले नाही, पदर ओढून बसली आणि पोरीला छातीशी घेतले. भावकीत कुजबूज झालीच. मग घरचे गुरू जंगमस्वामी आले. पोरीच्या गळ्यात बांधलेल्या लिंगाला त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, हिच्या तोंडात जे गेले तो प्रसाद, आता कुणी तोंड उघडू नका. कुजबूज बंद झाली आणि दीड वर्ष दोन पोरी एका दुधावर वाढल्या.

कमरबीच्या धर्मात दुधाचे नाते रक्ताइतके पक्के धरतात. तिचा मुलगा गैबीसाब शरणम्माचा भाऊ झाला, तो थेट मरेपर्यंत भाऊच राहिला. दर नागपंचमीला तिला बांगड्या भरायला न्यायचा. शरणम्माच्या लग्नात आईकडचे लुगडे कमरबीने नेसवले. श्रावणी सोमवारी इकडून हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, पातेले जाई आणि ईदेला तिकडून कोरडा शिधा येई, गहू, गूळ, खोबरे. शिजवलेले का नाही पाठवत, हे शरणम्माने कधी विचारले नाही आणि कमरबीने कधी सांगितले नाही. शरणम्माच्या घरचा सोवळ्याचा नेम कमरबीला माहीत होता, बस्स.

अजीजा एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली लग्न होऊन समुद्रापार गेली, मादागास्करच्या माजुंगा बंदरात. नवऱ्याचे तिथे शिवणकामाचे दुकान होते. पुढे त्याने फ्रेंच नागरिकत्व घेतले, त्याच्याबरोबर तीही फ्रेंच झाली. सव्वीस वर्षांत येणे झाले नाही. आणि आता दिवाळीनंतर तिचे पत्र आले.

पत्र उर्दूत, वाचणारा रफीक, म्हणजे गैबीसाबचा मुलगा. ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यातले पंधरा दिवस रस्त्यावर. अजीजाचा थोरला एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकी होता आणि त्या जहाजावर त्याला आईला फिरवून आणायची सवलत मिळाली होती. जहाज सहलीचे. बेटाबेटांवरून फिरत फिरत फेब्रुवारीत मुंबईला लागणार, मंगळवारी सकाळपासून गुरुवारी संध्याकाळपर्यंत थांबणार, मग कोलंबोवरून परत. चनमल्लप्पांना त्याचे मोठे नवल वाटले. जायचे कुठेच नाही आणि फिरून घरीच यायचे, त्यासाठी एवढे मोठे जहाज.

अजीजाने हिशेब मांडला होता. मंगळवारी संध्याकाळी गाडीत बसायचे, बुधवारचा सबंध दिवस आईपाशी, गुरुवारी सकाळी परत मुंबई. त्यासाठी कंपनीने काय काय कागद मागितलेत तेही तिने लिहिले होते. पासपोर्ट सहल संपल्यावरही सहा महिने चालणारा हवा. पिवळ्या तापाची सुई टोचल्याचे पुस्तक हवे, देवीच्या लशीचा दाखला हवा. दोन्ही कान दिसतील असे फोटो हवेत. इथे कमरबी बाजेवरूनच म्हणाली, “कान बघून काय करत्यात? ते माझ्यावर गेल्यात म्हणून सांगा त्यास्नी.” मुंबईत उतरायला जहाजावर कार्ड मिळणार होते, पण ते मुंबईच्या हद्दीपुरते, आणि संध्याकाळी मुकाट जहाजावर परत. हद्दीबाहेर पाऊल टाकायचे तर व्हिसा हवा. आणि व्हिसासाठी सोलापूरच्या कुणीतरी निमंत्रण देऊन तिच्याबद्दल हमी घ्यायला हवी. हमी घेणाऱ्याचे स्वतःच्या नावाचे घर पाहिजे, आणि चौकशीला बोलावले की तो हजर पाहिजे.

कमरबी बाजेवरून उठत नव्हती. रफीक भाड्याच्या खोलीत राहणारा, तोही कधी गावात, कधी नाही. घर होते ते शरणम्माच्या नावावर, वडिलांची एकुलती एक म्हणून. तेव्हा फॉर्म तिच्यापुढे आला. तिने देवापुढची समई लावली, हात धुतले, आणि गोल गोल अक्षरात एकेक रकाना भरत गेली. निमंत्रकाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव: बसम्मा. अर्जदाराच्या आईचे नाव: कमरबी. अर्जदाराशी नाते: सख्खी बहीण.

चनमल्लप्पा खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, “शेजारीण लिही की. सोपं पडंल.”

“मंग खोटं व्हईल,” शरणम्मा म्हणाली आणि तिने शाई वाळायला फॉर्म उन्हात धरला.

सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा जानेवारीत संपली आणि साध्या कपड्यातला एक पोलीस शिपाई पेठेत चौकशीला आला. त्याला शरणम्माने चहा दिला. मग तो समोरच्या गिरिजाबाईकडे गेला. ह्या बाईंचे आणि त्या मुसलमान बाईचे रक्ताचे नाते आहे का, असे त्याने विचारले. गिरिजाबाई खरे बोलली. रक्ताचे कसले, म्हणाली. पुढचे सांगायला तिने तोंड उघडले तोवर शिपाई वही मिटून उठला होता.

आठवड्याने टपाल आले. टंकलेल्या तीन ओळी. निमंत्रकाने अर्जदाराशी असलेल्या नात्याबाबत असत्य माहिती दिल्याचे आढळून आल्यामुळे अर्जाची शिफारस करता येत नाही.

शरणम्माने तो कागद तीनदा वाचला. असत्य. जो शब्द ती रोज सकाळी हातात तांब्या धरून स्वतःच्या आत शोधत असे, तो कुणी परक्याने यंत्रावर टंकून, खाली शिक्का मारून तिच्या दारात टाकला होता. दुसऱ्या दिवशी देवळात ती नेहमीपेक्षा बराच वेळ उभी राहिली. फिरून फिरून झाडा घेतला. घरी येऊन जेवायला बसली तेव्हा तिने भाकरीशेजारी मीठ वाढून घेतले, रोजच्यापेक्षा चिमूटभर जास्तच. चनमल्लप्पांनी पाहिले. त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही.

रफीक गावात होता. त्याला घेऊन ती कचेरीत गेली. परदेशी माणसांचे कागद बघणारे हेडक्लार्क बोरामणीकर म्हणून होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी येडू शिपायाला सांगून बाईंना खुर्ची दिली, फाईल काढली, आणि दोन रकान्यांवर बोट ठेवून दाखवले. तुमच्या आईचे नाव बसम्मा, तिच्या आईचे कमरबी, वडीलही वेगळे. मग सख्खी बहीण कशी? शरणम्माने सगळे सांगितले. बाळंतरोग, कापसाचा बोळा, भिंतीवरून मारलेली हाक. बोरामणीकरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले की हे सगळे छान आहे, पण दुधाला रकाना नाही.

“मी सात दिवसांची होते, साहेब,” शरणम्मा म्हणाली. राग चढला की तिचा आवाज वर जात नसे, खाली जात असे; बोरामणीकरांना पुढे वाकावे लागले. “त्यांनी पाजलं नसतं तर तुमच्या फॉर्मावर सही करायला मी राहिलेच नसते. आन् तुमी म्हणताय मी खोटं लिहिलं.”

बोरामणीकर म्हणाले की मी म्हणत नाही, नियम म्हणतो. जहाजावरचे परदेशी प्रवासी म्हणजे नियम कडकच असायचे. मुंबईबाहेर हमीशिवाय एकट्याने कुणाला सोडत नाहीत. आता कंपनीची जी मंडळी वेरूळची लेणी बघायला जाणार आहेत, त्यांचे वेगळे. त्यांचा सामुदायिक परवाना आलेला असतो.

“वेरूळला त्यांचं कोण हाय?” शरणम्माने विचारले.

कपाटापाशी उभ्या असलेल्या येडूने तोंड फिरवले. बोरामणीकरांनाही ते कुठेतरी लागले असावे, कारण मग त्यांनी खण उघडून एक कोरा कागद काढला आणि वाट सांगितली. दोनच ओळी लिहून द्यायच्या. अर्जदार माझी बहीण नसून शेजारीण आहे, पूर्वी दिलेली माहिती खोटी होती, क्षमा असावी. खाली सही. आजपासून चार दिवसांत आणलीत तर मी स्वतः शिफारशीची तार करतो, म्हणाले, व्हिसा वेळेत होतो. ह्याच्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

रफीक तिथल्या तिथे पेन काढायला लागला. शरणम्माने कागदाची घडी केली, कनवटीला लावली आणि उठली.

रस्त्यात रफीक तिच्यावर चिडला, जेवढे आत्यावर चिडता येते तेवढे. दादीचे किती दिवस राहिलेत ते डॉक्टरलाही सांगता येत नाही, त्याने हलवू नका म्हणून बजावलेय, आणि तुम्ही दोन ओळींसाठी अडून बसलात. पोराचे चुकत नव्हते. आजपर्यंत तिची खोटी लहान होती, लुगड्याएवढी, एका दिवसाच्या मिठात फिटणारी. हे किती दिवसांत फिटेल? वळणावर येईपर्यंत तिने ठरवून टाकले. उरलेला जन्म अळणी खायचे. सही करायची. बीअम्माच्या हाताला अजीजा लागल्यावर मग भाकरी कशी का लागेना.

पण बीअम्मापासून लपवून करायचे नव्हते. ती तशीच पलीकडच्या घरात गेली, बाजेपाशी बसली आणि काय लिहायचे आहे ते सांगितले. कमरबी ऐकत होती. हात पुढे करून तिने तो कागद चाचपला, कोरा असला तरी.

“हे लिहिलं की अजीजा येती?”

“येती.”

“आन् तू मंग कोण?”

“शेजारीण,” शरणम्मा म्हणाली.

कमरबीने डाव्या हाताने शरणम्माचा दंड धरला. हाताला ताकद नव्हती, पण धरला तो घट्ट.

“दोघींना दोन बाजूला घिऊन बसायची मी. तू डावीकडं, ती उजवीकडं. तुझी आजी म्हणायची, दमशील गं. येका पोरीला घरात घ्यायचं म्हणून आता दुसरीला बाहेर काढू? माझं दूध खोटं म्हणून तू लिवून देणार, आन् तो क्या नाम उसका, त्यो क्लार्क, त्याच्यावर शिक्का मारणार?” तिला धाप लागली. धाप ओसरेपर्यंत शरणम्मा तिची छाती चोळत राहिली. “मला सांग, मुंबईला जायला मला कागद लागतो?”

“न्हाय, बीअम्मा. तुमाला न्हाय लागत.”

“मंग उचला मला.”

रफीकने हात जोडले. डॉक्टर आले, त्यांनी स्पष्ट सांगितले की काळजात दम नाही, गाडीचे हादरे सोसतील याची खात्री देत नाही, दौंडच्या पुढे काय होईल ते मला विचारू नका. कमरबीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले की बाजेवर पडून राहिले तर किती दिवस देता. डॉक्टर बॅग उचलून गेले. मग रफीक तारऑफिसात गेला आणि जहाज कंपनीच्या मुंबईच्या एजंटाकडे, अजीजाच्या थोरल्याच्या नावाने तार केली: अजीजाला मंगळवारी सकाळी गोदीच्या दाराबाहेर थांबव, नानी येते आहे. जहाजाशी बिनतारी बोलणे होते म्हणतात, आणि ते खरे असावे. तिसऱ्या दिवशी उलट तार आली. उजाडल्यापासून उभी राहते. रफीकच्या ट्रकमालकाची गोदीजवळ एक खोली होती, तळमजल्यावर. तिची किल्ली मिळाली.

चौथ्या दिवशी शरणम्मा एकटीच कचेरीत गेली. बोरामणीकरांच्या टेबलावर तिने घडी उलगडून तो कागद ठेवला. त्यांनी उलटून पाहिला.

“बाई, हा कोराच आहे.”

“व्हय. त्यात खोटं काय न्हाय,” ती म्हणाली. नमस्कार केला आणि निघाली. दारापर्यंत येडू तिच्यामागे आला, आणि का कोण जाणे, तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

सोमवार उजाडला. गाडी साडेनऊची होती. शरणम्मा रोजच्या वेळेला देवळात गेली, पाणी घातले, बेल वाहिला, झाडा दिला. काल खोटे बोलले नाही. परवा बोलायला लावत होते, बोलले नाही. मग तिने देवाला सांगितले की उद्या आणि परवा येणे होणार नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याबद्दल तिने क्षमा मागितली नाही, काही कबूलही केले नाही. गळ्यातल्या लिंगाच्या करडगीवर, त्या चांदीच्या डबीवर, हात ठेवला, क्षणभर उभी राहिली आणि वळली.

दारात टांगा उभा होता. मागच्या बैठकीवर दोन वाकळा घातल्या होत्या. रफीकने आणि टांगेवाल्याने कमरबीला चादरीत घालून बाहेर आणले. पिंजलेल्या कापसाइतकी हलकी झाली होती ती. पेठ दारात येऊन उभी होती. गिरिजाबाई पुढे झाली, डोळे पुसत म्हणाली की त्या शिपायाला मी पुढचे सांगणारच होते गं. शरणम्माने तिच्या खांद्यावर हात ठेवला. भाकरी आणि शेंगाचटणीचे गाठोडे आत ठेवले.

चनमल्लप्पांनी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला.

“दोन दिवस पाणी मी घालतो,” म्हणाले. “पण झाडा काय माझ्यानं व्हायचा न्हाय. व्यापारी माणूस. दोन्ही दिवस अळणीच खातो, म्हंजे झालं.”

शरणम्मा हसली. कागद आल्यापासून आज पहिल्यांदा. ती टांग्यात चढली, बसली, आणि कमरबीचे डोके तिने उचलून मांडीवर घेतले. ऊन कमरबीच्या तोंडावर आले होते, तिथे पदर धरला.

“शरणू, तूच हायस न्हवं?” कमरबीने विचारले.

“मीच हाय, अम्मा,” ती म्हणाली, आणि टांगेवाल्याला हळू घ्यायला सांगितले.